झिपलाइनला पहिल्यांदा जाताय? खान्देशकरांसाठी, पहिल्या फोनपासून शेवटच्या प्लॅटफॉर्मपर्यंत

दिवाळीची सुट्टी जवळ आली की नात्यागोत्यातून फोन सुरू होतात. पोरं झिपलाइन म्हणताहेत, नेऊ का? पडणार तर नाहीत ना? वजन किती चालतं? पंजाबी ड्रेसवर जमेल का? प्रश्न अगदी बरोबर आहेत, पण त्यांची उत्तरं जाहिरातीत मिळत नाहीत. मी स्वतः हे केलं आहे आणि नंतर माहेरच्या-सासरच्या मंडळींना, शेजारच्या पोरांना घेऊनही गेले आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. झिपलाइनला धाडस लागतं ते पाय उचलायच्या क्षणापुरतं. बाकी सगळं पट्टे, हुक आणि सांगितलेलं नीट ऐकणं यावर चालतं. पाय उचलेपर्यंत तुम्ही कितीही प्रश्न विचारू शकता, नको म्हणून खाली उतरू शकता. एकदा सुटलात की ती मुभा संपते. म्हणून या लेखाचा मोठा भाग सुटण्याआधीच्या गोष्टींचाच आहे.

झिपलाइन म्हणजे काय, ते थोडक्यात

दोन टोकांमध्ये पोलादी तार ताणलेली असते, एक टोक उंच, दुसरं खाली. तारेवर चाकांची पुली फिरते, पुलीला तुमचा हार्नेस (कंबर-मांड्यांभोवती बांधायचे पट्टे) अडकवलेला असतो आणि उतारामुळे तुम्ही घरंगळत जाता. इंजिन नाही, मोटर नाही. उतार फार नसतो. शंभर मीटर लांबीला साधारण तीन ते सहा मीटर, एवढाच. तार मधे थोडी झोळ खाते, त्यामुळे सुरुवातीला वेग वाढतो आणि शेवटाकडे आपोआप कमी होतो.

जंगलातल्या मार्गदर्शित फेरीत अशा अनेक तारा एकापाठोपाठ असतात. झाडावर किंवा खांबावर बांधलेले प्लॅटफॉर्म, मधे थोडी चाल, कधी शिडी, कधी झुलता पूल. प्रत्येक तारेला दोन मार्गदर्शक लागतात. एक सोडणारा, दुसरा समोर घेणारा. या प्रकाराची मुळं कोस्टारिकाच्या जंगलात आहेत. १९७०च्या दशकात डोनाल्ड पेरी या जीवशास्त्रज्ञाने झाडांच्या शेंड्यांवरचं जग अभ्यासायला दोरांची यंत्रणा उभी केली, आणि पुढे तिथेच पर्यटकांसाठी अशा फेऱ्या सुरू झाल्या.

आपल्याकडे ट्रेकिंगच्या शिबिरांमध्ये ‘व्हॅली क्रॉसिंग’ असतं. ते वेगळं. तिथे बहुतेकदा तात्पुरता गिर्यारोहणाचा दोर बांधतात, तुम्हाला मागूनपुढून दोराने ओढून घेतात आणि वेग कमी असतो. फोनवर कोणी ‘झिपलाइन आहे’ म्हणालं तर पहिला प्रश्न हाच विचारा: पोलादी तार आहे की दोर? कायमची आहे की शिबिरापुरती? दोन्ही चांगलं असू शकतं, पण तयारी वेगळी लागते.

१. महिना ठरवा

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. बस्स. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. डोंगरावर हवा थोडी बरी असली तरी हेल्मेट आणि पट्ट्यांमध्ये दोन-तीन तास काढणं मुलांना झेपत नाही, आणि तापलेल्या तारेला हात लागला तर चटका बसतो. पावसाळ्यात सातपुडा देखणा दिसतो हे खरं, पण ओल्या तारेवर ब्रेक नीट लागत नाही. विजा चमकत असताना तर उंचावरच्या पोलादी तारेजवळ उभंही राहू नये. हिवाळ्यातही अवकाळी येतो. आदल्या दिवशी हवामान बघा आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला तर ‘थोडं थांबून करू’ हा मार्गदर्शकाचा निर्णय आनंदाने मान्य करा. जो थांबवतो तो मार्गदर्शक चांगला.

२. ठिकाण नंतर, संस्था आधी

आपल्या तीन जिल्ह्यांतून लोक साधारण दोन दिशांना जातात: सातपुड्यात तोरणमाळ किंवा रावेर तालुक्यातल्या पाल गावाकडे, नाहीतर सापुताऱ्याला. मी उलट क्रम सुचवते. आधी चालवणारी संस्था कोण ते बघा, मग गाव.

महाराष्ट्रात साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. फोनवर सरळ विचारा: नोंदणी झाली आहे का, प्रमाणपत्राचा फोटो पाठवाल का? ज्याच्याकडे आहे तो लगेच पाठवतो. ‘ताई, काळजीच करू नका, एवढे लोक येतात’ हे उत्तर या प्रश्नाचं उत्तर नव्हे. सापुतारा गुजरातच्या डांग जिल्ह्यात आहे, तिथे महाराष्ट्राची नोंदणी लागू नाही, तेव्हा तिथल्या परवानगीचा कागद मागा.

दुसरी गोष्ट जंगलाची. पालचा परिसर यावल अभयारण्यात येतो, चाळीसगावजवळचं पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायलाच वनखात्याची परवानगी लागते. अशा भागात कोणी ‘आमची खास जागा आहे’ म्हणून आत नेत असेल तर वनखात्याचा कागद बघितल्याशिवाय गाडीतून उतरू नका. दंड होईल एवढ्यावर भागत नाही. तिथे काही झालं तर तुम्ही कुठे आहात हे कोणाच्या नोंदीत नसतं.

३. फोनवर विचारायचे प्रश्न

हे कागदावर लिहून घ्या, आठवणीवर सोडू नका.

– वजनाची खालची आणि वरची मर्यादा किती? बऱ्याच ठिकाणी ती ३०-३५ किलोपासून ११०-१२० किलोपर्यंत असते, पण प्रत्येक तारेचा उतार वेगळा, म्हणून त्यांचाच आकडा धरा. हलकं मूल तारेच्या मधेच थांबतं, जास्त वजनाचा माणूस जोरात पोचतो.
– ब्रेक कोण लावतं? पाहुण्याने हातमोज्याने लावायचा, की शेवटी स्प्रिंग, रबरी दोर किंवा चुंबकाचा आपोआप लागणारा ब्रेक आहे? मुलांना किंवा वयस्कांना नेत असाल तर आपोआप लागणाराच शोधा.
– तारेला अडकवताना जोडण्या किती? उत्तर ‘दोन’ असायला हवं. एक पुलीची, एक सुरक्षेची.
– सरावाची तार आहे का?
– हार्नेस बांधायला महिला मार्गदर्शक आहे का? हे विचारायला बायका लाजतात. लाजू नका. पट्टे मांड्यांभोवती आवळावे लागतात, कोण आवळणार हे आधी कळलेलं बरं.
– सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, आणि तिथे पोचायला गाडी उभी असते का? १०८ रुग्णवाहिका आहेच, पण तोरणमाळच्या अक्राणी तालुक्यातल्या घाटांत ती पोचायला वेळ लागतो, आणि मोबाइलची रेंज सगळीकडे नसते.
– पाऊस आला किंवा आमच्यातल्या कोणी ऐनवेळी नको म्हटलं तर पैशांचं काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. पैसे परत मिळणार नाहीत म्हणून घाबरलेल्या पोराला पुढे ढकलणारे पालक मी पाहिले आहेत. ती वेळच येऊ देऊ नका.

४. कागद आणि पिशवी

कागद: प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती. मूल काका-मामाबरोबर जात असेल तर आई-वडिलांची सही असलेलं पत्र. नियमित औषधं चालू असतील तर त्यांची चिठ्ठी. तिथे संमतीपत्र भरून घेतात. त्यात आजार, वजन, घरच्यांचा फोन नंबर असतो. सगळ्यांच्या वतीने एकानेच सह्या ठोकायच्या आणि रांगेत लागायचं, हे करू नका. कोऱ्या रकान्यांवर सही तर अजिबात नको.

अंगावर: गुडघ्याखाली येणारी सुती पँट, कारण आखूड कपड्यांवर पट्टे काचतात. पूर्ण बंद बूट. चपला आणि सँडल वरून पडतात, शिवाय उतरताना पाय मुरगळतो. ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, लोंबते कानातले, अंगठ्या, सगळं घरी किंवा गाडीत. मोकळी वेणी पुलीत अडकू शकते, ती शर्टाच्या आत. चष्म्याला मागून दोरी. साडी आणि घेरदार कुर्ते चालत नाहीत. पंजाबी ड्रेसवर जायचंच असेल तर सलवार अंगाबरोबर बसणारी आणि कुर्ता आखूड हवा.

पिशवीत: पाणी, लिमलेटच्या गोळ्या, ओआरएस, पातळ स्वेटर (तोरणमाळची पठारं हजार मीटरच्या वर आहेत, सकाळी चांगलं कुडकुडायला होतं), रुमाल. अत्तर किंवा सुवासाचा स्प्रे मारून जाऊ नका. कारण पुढे येईलच.

५. तब्येतीबद्दल खरं बोला

हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, फिट्स, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, मान, पाठ किंवा खांद्याचं दुखणं: यातलं काही असेल तर खालीच थांबा. खाली थांबणाऱ्यांनाही पाहायला भरपूर असतं. फॉर्मवर वजन कमी लिहिण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. इथे ते अजिबात करू नका, कारण सोडायचं कसं आणि घ्यायचं कसं हे समोरचा मार्गदर्शक त्याच आकड्यावरून ठरवतो. आदल्या रात्री घेतलेली दारू सकाळपर्यंत उतरली असं वाटतं. शरीर मात्र सावरलेलं नसतं. अशा माणसाला नेऊ नका, भाऊ असो की साहेब.

६. जाण्याच्या दिवशी सकाळी

तोरणमाळला शहाद्याहून घाट चढावा लागतो. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी. पोचल्यावर अर्धा तास तरी बसा.

आणि जेवण. हिवाळा म्हणजे आपल्याकडे भरताचा हंगाम. झिपलाइन आणि शेतातली भरीत पार्टी एकाच दिवशी उरकण्याचा मोह होतो. करा, पण क्रम सांभाळा: तार आधी, भरीत-पुरी नंतर. तुपात बुडवलेली वरण-बट्टी खाऊन कमरेला पट्टा आवळला की पहिल्या शिडीवरच जीव नकोसा होतो. निघताना पोहे किंवा भाकरीचा काला, दोन केळी (रावेर-यावलची केळी वाटेत मिळतातच), आणि पोटभर पाणी. तोंडात तंबाखू, सुपारी, च्युइंगम काही नको. धक्क्याने घशात जातं.

७. हार्नेस: इथे घाई करू नका

सगळ्या फेरीतली ही दहा मिनिटं सर्वांत मोलाची.

कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर हवा, पँटच्या बेल्टसारखा खाली नको. आवळल्यावर तो खाली ओढून बघा, हाडांवरून सरकला तर सैल आहे. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात कसाबसा जावा, मूठ जाऊ नये. प्रत्येक बक्कलमधून निघालेलं टोक पुरेसं लांब उरलेलं असावं. शिवण उसवलेली, पट्टा कडेने कातरल्यासारखा किंवा उन्हाने पांढरा-कडक झालेला दिसला, तर ‘हा बदलून द्या’ म्हणा. हार्नेसवर आणि हेल्मेटवर सीई (युरोपीय सुरक्षा मानक) किंवा यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) यांची खूण शोधा. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट गिर्यारोहणाचं नसतं. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा लावून मान जोरात हलवा, ते डोळ्यांवर येता कामा नये.

मग कॅराबिनर, म्हणजे तो धातूचा हुक. त्याला कुलूप असतं, फिरवून लावायचं किंवा आपोआप लागणारं. लावल्यावर बोटाने दाबून बघा, उघडता कामा नये. मार्गदर्शक तपासतोच, तरी तुम्हीही बघा. चांगल्या ठिकाणी एकाने बांधलेलं दुसरा येऊन पुन्हा तपासतो. तो आला नाही तर त्याला हाक मारून बोलवा.

लहान मुलांची कंबर बारीक असते, त्यांना नुसता कमरेचा हार्नेस पुरत नाही. उलटं झालं तर त्यातून सरकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी छातीसह पूर्ण अंगाचा हार्नेस मागा. नसेल तर मुलाला नेऊ नका. या एका गोष्टीवर मी कोणाचंही ऐकत नाही.

८. सरावाची तार

जमिनीपासून हातभर उंचीवर एक छोटी तार असते. तिथे बसायचं कसं, ब्रेक कसा, थांबलो तर काय, हे शिकवतात. पोरं कंटाळतात, ‘हे काय बालवाडीचं’ म्हणतात. तरी दोनदा करून घ्या. हार्नेसमध्ये पूर्ण वजन सोडून लटकून बघा. कुठे टोचतं, कुठे काचतं ते इथेच कळतं आणि इथेच दुरुस्त होतं.

इथेच खुणा ठरवून घ्या. समोरच्या टोकाला मार्गदर्शक हात कसा करेल म्हणजे ‘ब्रेक लाव’, कसा करेल म्हणजे ‘लावू नको, ये’? प्रत्येक ठिकाणच्या खुणा वेगळ्या असतात. वाऱ्यात आरोळी ऐकू येत नाही, म्हणून खुणा पाठ हव्यात. आपल्यातल्या आजी-आजोबांना मराठी-हिंदीपेक्षा अहिराणी बरी वाटत असेल तर तुम्ही बाजूला उभं राहून एकेक खूण समजावून सांगा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

९. पहिला प्लॅटफॉर्म

वर पोचताक्षणी तुमची सुरक्षेची जोडणी झाडाला किंवा खांबाला लागते. मग मार्गदर्शक एक हुक काढून तारेवर लावतो, तो लागल्याची खात्री करतो, आणि नंतरच दुसरा हलवतो. कुठल्याही क्षणी एक तरी जोडणी लागलेली असायलाच हवी. हे डोळ्यांनी बघा आणि मोठ्याने विचारा, ‘दादा, दोन्ही लागले?’ त्याने ‘हो, दोन्ही लागले’ म्हटल्यावरच पाय उचला. स्वतः कुठल्याही हुकला हात लावू नका, मदत म्हणूनसुद्धा नाही.

भीती वाटणारच. पोटात गोळा येतो, गुडघे थरथरतात. अशा वेळी मागून ‘जाय ना भो, काय घाबरतोस’ म्हणणारे मित्र असतात. त्यांना गप्प करायचं काम मोठ्या माणसाने करावं. अमळनेरचा एक मुलगा पहिल्या प्लॅटफॉर्मवर थिजला होता. मार्गदर्शकाने त्याला बाजूला बसवलं, दोघा-तिघांना जाताना पाहू दिलं, मग विचारलं. तो नाही म्हणाला. शिडीने खाली गेला. कोणी काही बोललं नाही. असंच व्हायला हवं.

१०. तारेवर

उडी मारायची नसते. खुर्चीत बसल्यासारखं हार्नेसमध्ये बसायचं, पट्टा ताणला गेला की पाय उचलायचे, गुडघे थोडे वर, पाठ किंचित मागे. वजन हार्नेसवर असू द्या. हातांनी लोंबकळत गेलात तर दुसऱ्या तारेपर्यंत दंड भरून येतात.

हाताचा ब्रेक असेल तर जाड चामडी हातमोजा घातलेला तळवा तारेवर पुलीच्या मागे ठेवायचा, आणि खूण मिळाली की वरून खाली दाबायचा. मागे, हे दहा वेळा घोका. पुलीच्या पुढे हात गेला तर बोटं चाकाखाली येतात. मूठ वळून तार पकडायची नाही, नुसतं दाबायचं. लवकर दाबलंत तर मधेच थांबाल, त्याने बिघडत काही नाही. अंग गोल फिरायला लागलं तर तोच हात हलकेच तारेवर टेकवून तोंड पुढे करता येतं. ब्रेक आपोआप लागणारा असेल तर तारेला हात लावायचाच नाही, हार्नेसचा पट्टा धरून बसायचं. शेवटी थोडा धक्का बसतो, मान सैल सोडू नका.

वजनाने हलके असाल तर अंग आवळून, गुडघे छातीशी घेऊन जा. वारा कमी लागतो, वेग टिकतो. हातपाय पसरले की वेग कमी होतो. समोरचा प्लॅटफॉर्म आला की पाय वरच ठेवा, ‘खाली घ्या’ म्हटल्यावरच टेकवा.

मोबाइल हातात घेऊन जाऊ नका. हात रिकामे हवेत, आणि खालून गाव-शिवारातले लोक, गुरं जात असतात. वरून पडलेला फोन त्यांच्या डोक्यात बसेल.

हे सगळं आठवत गेलात तरी बघायला विसरू नका. खाली सागाची मोठी पानं, मधेच सालईचं गुळगुळीत खोड, अंजनाची जोडपानं. जमिनीवरून चालताना हे जंगल उघडंबोडकं वाटतं, वरून त्याची खरी दाटी कळते. माझ्या मते पैसे मोजायचे ते यासाठी.

११. मधेच थांबलात तर

समोरून वारा आला किंवा वजन कमी पडलं की असं होतं, आणि धोका काही नसतो. झोळीमुळे थोडे मागेही घरंगळाल. पूर्ण थांबेपर्यंत तारेला हात लावू नका. मग आलात त्या दिशेला तोंड करा, हातमोजे घातलेल्या हातांनी डोक्यावरची तार पकडा आणि एकामागून एक हात टाकत पाठीमागे, म्हणजे जिथे पोचायचं होतं त्या प्लॅटफॉर्मकडे ओढत जा. दमलात तर थांबा, मार्गदर्शक येऊन घेऊन जातो. वाट पाहताना पाय हलवत राहा, गुडघे वर-खाली करा. हार्नेसमध्ये बराच वेळ निश्चल लटकलं की पायांत रक्त साचून राहतं आणि चक्कर येते. आणि काहीही झालं तरी हुक उघडायचा नाही.

१२. दोन तारांमधलं जंगल

आता अत्तराचं कारण. सातपुड्याच्या कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. धूर, तीव्र वास, आरडाओरडा याने माश्या उठतात, आणि तारेवर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. म्हणून विडी-सिगारेट नाही, दगड भिरकावणं नाही. मोहोळ दिसलं तर मार्गदर्शकाला हळू आवाजात सांगा.

हिवाळ्याच्या शेवटी सागाची वाळकी पानं उतारावर साचतात, त्यांवरून पाय सटकतो. आडवं पाऊल टाकत उतरा. मार्चनंतर मोहाची फुलं पडू लागली की अस्वलं त्या झाडांखाली येतात, पहाटे-संध्याकाळी तिकडे भटकू नका. वाटेतल्या पावरा किंवा भिल्ल घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

१३. उतरल्यावर

पाणी प्या, हार्नेस काढल्यावर मांड्या-कमरेवर वळ दिसतील, ते एक-दोन दिवसांत जातात. मुंग्या येणं, बधिरपणा किंवा मानदुखी दुसऱ्या दिवशीही राहिली तर डॉक्टरांना दाखवा आणि झिपलाइन केल्याचं सांगा.

एखादी गोष्ट खटकली असेल, झिजलेला पट्टा, एकच जोडणी, मर्यादेपेक्षा जास्त माणसं प्लॅटफॉर्मवर, तर तिथल्या प्रमुखाला त्याच दिवशी लेखी कळवा, फोटोसह. दाद लागली नाही तर पर्यटन संचालनालयाच्या नाशिक विभागीय कार्यालयाकडे लिहा, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही त्याच विभागात येतात. तक्रारीत तारीख, वेळ, तारेचा क्रमांक आणि पावतीची प्रत जोडा. पावती मात्र निघतानाच मागून घ्या.